दिवसा झोपणाऱ्यासाठी घर : गजबजलेल्या वस्तीतील एका शोधाचे प्रकरण

या प्रकरणातील दांपत्याने पहिल्या दलालाकडे केलेली मागणी चार शब्दांची होती : शांत घर दाखवा, बस्स. पुढच्या तीन महिन्यांत त्यांना जो त्रास झाला त्याचे मूळ बऱ्याच अंशी या चार शब्दांत होते, असे माझे मत आहे. दोघांनाही शांतता हवी होती हे खरे. परंतु दोघांना हव्या असलेल्या शांतता एकमेकींपासून अगदी वेगळ्या होत्या आणि हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलेले नव्हते. इमारतींच्या देखभालीच्या कामाशी माझा संबंध असल्याने या शोधाच्या दुसऱ्या टप्प्यात त्यांनी मला सोबत घेतले. पहिल्या टप्प्याची हकिगत मी दोघांकडून स्वतंत्रपणे ऐकली आहे.

पती एका रुग्णालयात कायम रात्रपाळी करणारा परिचारक. सकाळी साडेआठला घरी येणे, नऊच्या सुमारास झोपणे आणि दुपारी चारला उठणे हा त्याचा आठवड्यातील पाच दिवसांचा क्रम. पत्नी घरूनच ध्वनिमुद्रित पाठ तयार करते. आठवड्यातून तीन दिवस, साधारण अकरा ते दोन या वेळेत, तिला मायक्रोफोनसमोर बसावे लागते. रुग्णालयापासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या आत राहणे भाग असल्याने वस्ती बदलण्याचा प्रश्नच नव्हता आणि ती वस्ती दिवसभर गजबजलेली. शहराबाहेर जा, हा सल्ला त्यांना अनेकांनी दिला. ज्यांना जाता येत नाही त्यांच्या बाबतीत तो सल्ला नसून विषयांतर असते.

पहिले घर त्यांनी सर्वसामान्य समजुतीनुसार निवडले. मुख्य रस्त्यापासून दोन इमारती आत, चौथा मजला, शयनगृह मागच्या बाजूला, खिडकीसमोर झाडे. पाहणी संध्याकाळी सहा वाजता झाली, कारण दलालाला ती वेळ सोयीची होती. घरात खरोखरच शांत वाटले. त्यांनी अनामत भरली, सामान हलवले आणि सातव्या आठवड्यात घर सोडण्याची नोटीस दिली.

कारण होते पाण्याचा पंप. तळघरातला पंप रोज सकाळी दहाच्या पुढे सुरू होई आणि वीस-पंचवीस मिनिटे चाले. त्याची उभी नळवाहिनी शयनगृहाच्या भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी घट्ट आवळलेली होती. पंप बंद होताना उलट्या प्रवाहाने झडप आदळे आणि भिंतीतून एक दणका येई. म्हणजे झोप लागून तास-दीड तास होतो न होतो तोच पहिली जाग ठरलेली, आणि त्यानंतर दुपारी आणखी एकदा. पत्नीने मोबाइलवरच्या ध्वनिमापक अॅपवर आकडा पाहिला तेव्हा तो चाळीस डेसिबलच्या आतच होता. त्यामुळे काही दिवस घरात असा वादही झाला की त्रास आवाजाचा आहे की पतीच्या थकलेल्या मनाचा.

त्रास आवाजाचाच होता. आकडा मात्र तो सांगू शकत नव्हता. मोबाइलचा मायक्रोफोन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. खालच्या पट्टीतील घरघर तो अनेकदा नीट पकडत नाही, आणि ध्वनिमापनाची जी नेहमीची 'ए' मोजपट्टी आहे तीसुद्धा खालच्या वारंवारतांना मुद्दाम कमी वजन देते. शिवाय इमारतीतून येणारा आवाज आणि हवेतून येणारा आवाज यांचे मार्ग वेगळे असतात. हवेतून येणाऱ्या आवाजाला भिंत, दार, खिडकी अडवते. पंपाचे कंपन मात्र नळातून भिंतीत, भिंतीतून स्लॅबमध्ये असा प्रवास करते आणि खोलीची भिंतच ध्वनिवर्धकाच्या पडद्यासारखी हलू लागते. अशा वेळी खिडकी बंद केल्याने उपयोग होत नाही. उलट बाहेरचा गलबला कमी झाल्याने आतला आवाज अधिक ठळक होतो. पंपाखाली रबरी बैठक, नळाला लवचीक जोड आणि भिंतीवरच्या पट्ट्यांखाली रबराचे अस्तर हे या दुखण्यावरचे साधे उपाय आहेत आणि तुलनेने स्वस्त आहेत. पण ते भाडेकरूच्या हातात नसतात. इमारतीच्या व्यवस्थापकांनी पुढच्या वर्षीच्या खर्चात विचार करू असे सांगितले. दहाच्या आधीच उठणाऱ्या माणसांना हा प्रश्न तातडीचा वाटण्याचे कारणही नव्हते.

दुसऱ्या टप्प्याच्या आरंभी मी त्यांना घर पाहणे थांबवून दहा दिवस नोंदी ठेवायला सांगितले. पतीला जाग आली की वेळ आणि कारण, पत्नीला ध्वनिमुद्रण थांबवावे लागले की वेळ आणि कारण, इतकेच एका वहीत लिहायचे. या वहीने शोधाची दिशा बदलली. पतीच्या रकान्यात वाहतूक दहा दिवसांत केवळ दोनदा आली आणि दोन्ही वेळा कारण हॉर्न होता. बाकी सर्वत्र पंप, जिन्यातले दार, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, शेजारच्या दुरुस्तीतले ड्रिल. पत्नीच्या रकान्यात नेमके उलटे चित्र होते. दार आदळले तर ती क्षणभर थांबे आणि वाक्य पुन्हा वाची. तिचे खरे दुखणे लांबच्या रस्त्याची अखंड घरघर हे होते, कारण ती प्रत्येक वाक्याखाली चिकटून येई आणि नंतर काढता येत नसे.

थोडक्यात, त्याला अचानकपणा सोसत नव्हता आणि तिला सातत्य. एकाच घराच्या दोन खोल्यांनी हे दोन वेगळे प्रश्न सोडवायचे होते. 'शांत घर' हा शब्दप्रयोग आम्ही त्या दिवसापासून बंद केला.

येथे डेसिबलविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण घर शोधणारे बहुतेक जण एक सरासरी आकडा पाहून निर्णय घेतात. डेसिबलची मोजपट्टी सरळ वाढीची नाही. ३ डेसिबलच्या वाढीने ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, पण कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मधील मार्गदर्शक तत्त्वांत शयनगृहासाठी दोन वेगळे आकडे दिले होते : अखंड आवाजाची सरासरी पातळी ३० डेसिबल, आणि एखाद्या सुट्या आवाजाची कमाल पातळी ४५ डेसिबल. दोन आकडे देण्यामागचे कारण आमच्या वहीतही दिसत होते. समजा, तासभर खोलीत ३० डेसिबल इतकी शांतता आहे आणि त्यात केवळ १० सेकंद ७० डेसिबलचे ड्रिल चालले. त्या तासाची ध्वनीच्या ऊर्जेनुसार काढलेली सरासरी सुमारे ४५ डेसिबल येते. दुसऱ्या एका खोलीत तासभर पंख्याचा अखंड ४५ डेसिबलचा आवाज असेल तर तिचीही सरासरी तेवढीच. कागदावर दोन्ही खोल्या सारख्या. पहिलीत आमचा परिचारक उठून बसेल आणि दुसरीत कदाचित गाढ झोपेल.

यानंतर सहा घरे पाहिली गेली. त्यांतील चार घरांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. एकाच्या वर लिफ्टचे यंत्रघर होते, एकाच्या समोर शाळेचे पटांगण, एका घराच्या शयनगृहाची भिंत शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराला लागून होती आणि चौथ्याच्या बाजूला पत्र्याचे कुंपण घातलेला मोकळा भूखंड होता. भूखंडाबद्दल स्थानिक नगरप्रशासनाच्या कार्यालयात चौकशी केल्यावर बांधकामाची परवानगी आधीच दिली गेल्याचे कळले. ही चौकशी अर्ध्या दिवसाची असते आणि जवळजवळ कोणीच करत नाही.

पाचवे घर मात्र मोहात पाडणारे होते. मुख्य रस्त्यावरच्या नव्या इमारतीत नववा मजला, दुहेरी काचांच्या खिडक्या, आणि दलालाच्या शब्दांत 'पूर्ण ध्वनिरोधक'. या शब्दाचा घरांच्या जाहिरातींत इतका सैल वापर होतो की तो दिसला की मी अधिक सावध होतो.

उंच मजल्यावर आवाज कमी येतो, ही समजूत आधी तपासू. रस्त्यावरची वाहतूक हा ध्वनीचा बिंदू नसून रेषा असते. त्यामुळे तिच्यापासूनचे अंतर दुप्पट झाले तरी आवाज सुमारे ३ डेसिबलच कमी होतो. इमारत रस्त्याच्या मध्यापासून १२ मीटरवर असेल तर पहिल्या मजल्याची खिडकी रस्त्यापासून सुमारे १३ मीटर आणि नवव्या मजल्याची सुमारे ३० मीटर तिरक्या अंतरावर पडते. आठ मजल्यांच्या चढाईची कमाई साधारण ४ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतकी. त्यातही वर गेल्यावर आजूबाजूच्या इमारतींचा आडोसा संपतो आणि खाली न दिसणारे आणखी दोन रस्ते खिडकीच्या टप्प्यात येतात. हॉर्न आणि बोलणी वर पुसट झाली होती हे खरे. मात्र त्यांच्या जागी सर्व रस्त्यांचा मिळून एक अखंड गुंजारव होता.

त्या गुंजारवावर दुहेरी काच फारशी चालली नाही. सामान्य दुहेरी काच मुख्यतः उष्णतेसाठी बनवलेली असते. ४ मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये १२ मिलिमीटर हवा अशा रचनेत दोन काचा आणि मधली हवा मिळून स्प्रिंगसारख्या हलतात आणि सुमारे २५० हर्ट्झच्या आसपास त्यांची अडवण्याची क्षमता उलट घटते. जड वाहनांचा आवाज याच खालच्या भागात भरलेला असतो. ध्वनीसाठी उपयोगी रचना वेगळी असते : असमान जाडीच्या काचा, मध्ये लवचीक थर असलेली लॅमिनेटेड काच, किंवा मूळ खिडकीपासून १० सेंटिमीटर वा अधिक अंतर सोडून आतून बसवलेली दुसरी खिडकी. पतीने त्या घरात पलंग नसताना जमिनीवर चटई टाकून तासभर पडून पाहिले आणि त्याला डुलकी लागली. पत्नीने आणलेल्या मायक्रोफोनवर पाच मिनिटे मुद्रण केले आणि ऐकून मान हलवली. हे घर त्याच्यासाठी योग्य होते, तिच्यासाठी नाही. आणि तिला दुसरी खोली देऊनही भागत नव्हते, कारण चारही खोल्यांच्या खिडक्या रस्त्याकडेच होत्या.

निवडलेले घर, म्हणजे सहावे, त्यांनी आधी यादीतूनच काढून टाकले होते. जुनी तीन मजली इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि पत्ता वस्तीतील सर्वांत वर्दळीच्या रस्त्यांपैकी एकावरचा. नकाशावर पाहणाऱ्याला ते सर्वांत वाईट घर वाटावे असेच होते.

प्रत्यक्षात तीन गोष्टी त्याच्या बाजूने होत्या. रस्ता अरुंद आणि वाहने संथ. मोटारगाडीचा वेग वाढला की टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज इंजिनावर मात करतो, म्हणून वेगवान रस्ता दूर असूनही अधिक गुंजतो. येथे तो प्रकार नव्हता, आणि इमारत दोन चौकांच्या मधोमध असल्याने सिग्नल सुटताच इंजिने ताणली जाण्याचा प्रकारही नव्हता. दुसरी गोष्ट रस्त्याकडेच्या घरांची सलग रांग. रांगेत फट नसली की मागच्या बाजूचा आवाज पुढच्या बाजूपेक्षा सहज १० डेसिबलहून अधिक खाली जातो. सलग इमारत करते ते काम झाडे करू शकत नाहीत. पहिल्या घरासमोरच्या झाडांनी रस्ता नजरेआड केला होता, आवाज नव्हे. झाडांच्या एखाद-दुसऱ्या ओळीने ध्वनी नगण्य कमी होतो आणि न दिसणारा रस्ता आपल्याला कमी ऐकू येतोय असे वाटते, एवढाच त्यांचा आधार. तिसरी गोष्ट जुन्या विटांच्या जाड भिंती. भिंतीचे वजन दुप्पट झाले की ती सुमारे ५ ते ६ डेसिबल अधिक अडवते. या बाबतीत नव्या हलक्या आडभिंती जुन्या बांधकामासमोर टिकत नाहीत.

शयनगृह इमारतीच्या आतल्या मोकळ्या चौकाकडे होते. घराच्या मधोमध खिडकी नसलेली एक लहान खोली होती, जिला घरमालक अडगळीची खोली म्हणत होता आणि भाड्याच्या बोलण्यात तिचा उल्लेखही करत नव्हता. पत्नीने दार लावून आत पाच मिनिटे मुद्रण केले. बाहेर आली तेव्हा तिने काही बोलण्याऐवजी हेडफोन माझ्या कानाला लावला.

तरीही पाहणी तीन वेळा झाली : कामाच्या दिवशी सकाळी दहा ते बारा, त्याच आठवड्यात रात्री अकरानंतर, आणि एका सुटीच्या दुपारी. रात्रीची पाहणी पतीच्या सुटीच्या दोन रात्रींसाठी आवश्यक होती. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली की ध्वनी वर निसटण्याऐवजी खाली वळतो आणि दिवसा ऐकू न येणारे लांबचे आवाज घरात येतात. सकाळच्या पाहणीत नळ सोडून पाहिले, जिन्यातले दार आदळून पाहिले, आणि वरच्या मजल्यावर जाऊन तिथल्या वृद्ध जोडप्याची रीतसर भेट घेतली. त्यांच्याकडे जाड गालिचे होते. पावलांच्या आवाजावर खालून छताला काही लावण्यापेक्षा वर मऊ काही अंथरणे कितीतरी परिणामकारक असते. पण ते दुसऱ्याच्या घरात असते, ही त्यातली अडचण.

शेजाऱ्यांना विचारण्याच्या पद्धतीबद्दल एक निरीक्षण नोंदवतो. 'इथे आवाज येतो का?' या प्रश्नाला सर्वांनी नाही असे उत्तर दिले, कारण होय म्हणणे म्हणजे आपल्या इमारतीची निंदा करणे. 'तुम्ही दुपारी झोपलात तर जाग कशाने येते?' असे विचारल्यावर मात्र तळमजल्यावरच्या बाईंनी चौकातल्या लोखंडी फाटकाचे नाव घेतले, आणि पहिल्या मजल्यावरच्या विद्यार्थ्याने पोस्टाच्या पेट्यांचे.

चौकात आणखी एक गोष्ट होती, जिच्यामुळे दुसऱ्या कोणी हे घर नाकारले असते. तळमजल्यावरच्या कार्यालयाचा हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा चौकात उघडत होता आणि सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहापर्यंत एकाच सुरात चालत होता. पत्नीचा चेहरा तो ऐकताच पडला. मी तिला वहीतला पतीचा रकाना दाखवला : पंख्याचा आवाज त्याच्या शत्रूंमध्ये कुठेच नव्हता. एकसुरी आवाज खोलीतली पार्श्वपातळी थोडी वर उचलतो, त्यामुळे त्यातून डोके वर काढण्यासाठी इतर आवाजांना अधिक मोठे व्हावे लागते; पेट्यांची झाकणे आणि जिन्यातली बोलणी त्याच्याखाली बुडून जात होती. तिच्या मुद्रणखोलीपर्यंत तर पंखा पोहोचतच नव्हता. मध्ये दोन भिंती होत्या.

भाडेकरारात दोन गोष्टी घालून घेतल्या. आवाजाच्या फटी बुजवण्यास मालकाची परवानगी, आणि पहिल्या तीन महिन्यांत एक महिन्याच्या सूचनेवर घर सोडण्याची मुभा. मालकाने दुसऱ्या अटीवर थोडी घासाघीस केली, पहिलीवर नाही.

फटींचे काम एका रविवारी संपले, आणि त्याचा परिणाम संपूर्ण शोधातल्या इतर कोणत्याही खर्चापेक्षा जास्त होता. १.५ मीटर रुंद आणि १ मीटर उंच खिडकीच्या चौकटीभोवती केवळ १ मिलिमीटरची फट राहिली तर ती खिडकीच्या क्षेत्रफळाच्या ०.३ टक्क्यांच्या आसपास होते. तेवढ्या फटीमुळे काच कितीही भारी असली तरी खिडकी सुमारे २५ डेसिबलपेक्षा अधिक अडवू शकत नाही. फट शोधण्यासाठी आम्ही कागदाची पट्टी वापरली : पट्टी मध्ये ठेवून खिडकी बंद करायची, आणि ती सहज ओढून निघाली तर तेथे रबरी पट्टी लावायची. शयनगृहाच्या दाराखालची बोटभर फट एका ब्रशच्या पट्टीने बुजवली. फाटकाच्या कड्यांना तेल आणि आपटण्याच्या जागी रबराचा तुकडा लावण्याचे काम पतीने स्वतः केले. तळमजल्यावरच्या बाईंनी त्यासाठी त्याला शिडी धरून दिली. भिंतींवर फोम चिकटवण्याचा विचार मात्र शयनगृहापुरता सोडून दिला. फोम खोलीतला प्रतिध्वनी कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. म्हणून तो फक्त मुद्रणखोलीत लागला.

पुढच्या चार महिन्यांच्या वहीत पतीच्या रकान्यात आठवड्याला सरासरी एखादी नोंद आहे. एकदाच सलग तीन दिवस नोंदी आल्या आणि त्या तिन्हींचीही वेळ सकाळची होती : विद्यार्थ्याच्या किल्ल्या पडल्या, पोस्टाची पेटी उघडली, कोणीतरी जिन्यात शिंकले. दारे-खिडक्या जागच्या जागी होत्या, नवे काहीच घडले नव्हते, म्हणून त्यांनी मला बोलावले. चौकात उभे राहिल्यावर उलगडा झाला. कार्यालयाला सुटी होती आणि पंखा बंद होता.

त्यानंतर पत्नीने त्या कार्यालयाची वर्षभराच्या सुट्यांची यादी मागून आणली. ती आता स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेशेजारी टाचलेली आहे. त्या दिवसांपुरता पतीच्या उशाशी टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून चालू ठेवला जातो.